कृष्णातची हरणी

रविवारी आमच्या पांजरपोळात सेवा करायला येणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. गाडीतून उतरतात, नाकाला रुमाल लावतात, गाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, एक पेंढी वैरण पुढं सरकवतात आणि "किती शांत वाटतं नाही इथं!" असं म्हणत तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला शहरात परत जातात. शांत त्यांना वाटतं. आम्हाला शेण काढायचं असतं.

कृष्णात तसल्यातला नव्हता. पण पहिल्या दिवशी त्याच्यापेक्षा ते फोटोवाले परवडले, असं मला वाटलं होतं.

कोल्हापूरबाहेर कळंब्याचं तळं मागं टाकून, गारगोटी रस्ता सोडून आत आलं की आमची जागा लागते. माझ्या आजोबांनी ही शेती जनावरांसाठी सोडली. दूध आटलेल्या गाईम्हशी, कामातून गेलेले बैल, कुणी पाय मोडलेलं, कुणी डोळे गेलेलं, अशी सगळी इथं मरेपर्यंत राहतात. आम्ही जैन. इथलं जनावर विकायचं नाही, आणि त्याचे कितीही हाल झाले तरी मरणाचं इंजेक्शन द्यायचं नाही, हा आजोबांचा नियम. मी रुचिता मगदूम. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, काकांच्या हाताखाली इथलं सगळं बघते. माझ्या तोंडाला लागू नये असं गावात म्हणतात, आणि ते खरं आहे.

कृष्णातचं शिवाजी पेठेत मोटरसायकलींचं गॅरेज होतं. होतं म्हणायचं, कारण ते त्यानं दारूत बुडवलं. बायको आजारपणात गेली. एकुलती एक मुलगी, निशिगंधा, तिनं आईचं दिवसकार्य उरकल्यावर बापाला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं आणि स्वतः नोकरीसाठी इचलकरंजीला निघून गेली. त्यानंतर तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. केंद्रातून बाहेर पडताना तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, घरात रिकामं बसू नका, कुठंतरी मुक्या जनावरांची सेवा करा. म्हणून स्वारी आमच्याकडं आली. वयानं तो माझ्यापेक्षा बराच मोठा, पण इथं सगळ्यांच्या तोंडी तो नुसता कृष्णात होता, म्हणून लिहितानाही तसंच लिहिते. समोर मी त्याला दादा म्हणत असे.

पहिल्याच दिवशी त्यानं बैलाला मारलं. म्हातारा खिलार बैल, गव्हाणीवरून बाजूला व्हायला वेळ लावत होता, एवढंच. ह्यानं खराट्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. मी ओट्यावरून बघितलं आणि चप्पलसुद्धा न घालता खाली उतरले.

"चालते व्हा," मी म्हटलं.

"आवं ताई, सरकंनाच की त्यो!"

"तुम्ही सरका. फाटकाच्या बाहेर."

गेला. आता काही हा परत येत नाही, असं समजून मी विषय सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाईनं हाक मारली. धोंडुबाई म्हणजे आमच्याकडं शेणघाण काढणारी, साठी ओलांडलेली बाई, तिचा आवाज तळ्याच्या पलीकडं जातो. "ताई, त्यो कालचा पावणा फाटकात उभा हाय बगा, घरजावयागत!"

मी गेले. कृष्णात मान खाली घालून म्हणाला, "चुकलं."

"ते मला काय सांगता? ज्याला मारलं त्याला सांगा."

मी हे टोचून बोलले होते. पण तो खरंच आत गेला, त्या बैलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं मर्दा माझं." धोंडुबाई पाटी खाली ठेवून पोट धरून हसली. बैलानं काही मनावर घेतलं नाही. मला हसू आलं नाही. त्या माणसाला चुकलं म्हणायची सवय नव्हती, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

तर असा तो राहिला. रोज सकाळी पेठेतून आपल्या जुन्या मोटरसायकलवरून यायचा आणि दिवस मावळायच्या आत परत जायचा. काम वाघासारखं करायचा, पण सगळं घाईत. बादली भरेपर्यंत दम नाही, नळाला शिव्या. वासरू बाटली तोंडात धरेना की लागला चिडायला. मी एकदा म्हटलं, "दादा, ही गाडी नव्हे, किक मारली की चालू व्हायला." तर म्हणाला, "आमचा जलमच त्यात गेला न्हवं? बंद पडली की खोलायची, पुसायची, किक मारायची. चालू झाली तर झाली, न्हायतर शिवी द्यायची." आणि बादली उचलता उचलता, "घरातबी तेच केलं."

हरणी आली ती श्रावण संपता संपता. शहरातल्या कुणा गवळ्यानं धंदा बंद केला, म्हशी विकल्या, आणि हिला कुणी घेईना म्हणून टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवली. वाटेत ती टेम्पोत पडली. फाटकात उतरवली तेव्हाच मागचे पाय ओढत होती, आणि गोठ्यात येऊन बसली ती बसलीच. डॉक्टर आले. मागच्या पायाची शीर दबली आहे म्हणाले. "उठली तर हळूहळू उठेल. खाली वाळूचा जाड थर द्या, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला, पाय चोळा, थोडा थोडा वेळ पट्ट्यानं उचलून उभी करा. घाई मात्र करू नका."

म्हैस बसली की बहुतेक वेळा संपलंच, हे आम्हाला अनुभवानं माहीत असतं. एका कुशीवर पडून राहिली की अंगाखालचं कातडं सडतं, पोट फुगतं, आणि मग एक दिवस ती वैरणीकडं बघायचं सोडते. एवढं मोठं धूड रोज वळवायला माणसं कुठली आणायची? मी मनातल्या मनात हरणीवर पाणी सोडलं होतं.

कृष्णात तिच्या डोक्याशी बसला होता. तिच्या शिंगांच्या खाचेत जुना लाल रंग राहिला होता, तो त्यानं नखानं खरवडून बघितला. "ताई, ही पळालेली म्हैस हाय," तो म्हणाला.

आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मालकानं मोटरसायकलचा सायलेन्सर काढून ती कानठळ्या बसतील अशी फडफडवत पुढं पळवायची. मागून म्हैस, मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून, शेपूट वर करून भर रस्त्यानं धावते. धावणाऱ्या म्हशीचा गवळी त्या दिवशी राजा असतो. कृष्णातचं गॅरेज त्या दिवसांत गवळ्यांच्या गाड्यांनी भरलेलं असायचं, सायलेन्सर खोलून द्यायचं काम त्याचंच. "हिच्यासारख्या कितीजणी माझ्या आवाजावर पळाल्या असतील," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून हरणी त्याची झाली. नावसुद्धा त्यानंच ठेवलं.

गॅरेजमधली इंजिन उचलायची चेनपुली त्यानं आणली आणि गोठ्याच्या तुळईला टांगली. नवारीचे पट्टे शिवून घेतले. ट्रॅक्टरच्या ट्यूबांत निम्मी हवा भरून तिच्या मांड्यांखाली सारल्या. आणि मग जे सुरू झालं, ते बघून मी माझी आधीची सगळी मतं गिळली. सकाळी आल्याबरोबर कूस, न्याहारी झाली की कूस, मग दुपारी, मग निघताना. आम्ही तिघंचौघं धरायचो, पण हुकूम त्याचा. "थांबा. तिला दम घेऊ दे. आता. हळू." हळू! हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून धोंडुबाईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. पाय चोळायला बसला की तासन्तास उठायचा नाही. तिनं वैरण सोडून तोंड फिरवलं तर चिडायचा नाही, नुसता बसून राहायचा, मग तीच कंटाळून खायची. धोंडुबाई तापानं पडली तेव्हा तिच्या खोपटात दोन वेळचा चहा हाच नेऊन द्यायचा. ज्या बैलाला मारलं होतं तो याच्या खांद्यावर मान ठेवून उभा राहायचा. माणूस बदलतो यावर माझा विश्वास नव्हता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंच मी म्हणत आले. कृष्णातनं मला खोटं पाडलं, आणि मला त्याचा आनंद झाला.

एकदा पाय चोळता चोळता तो आपणहून बोलला. "मालक, म्हणजे ही माझी बायको, सगळे तिला मालकच म्हणायचो. शेवटी अंथरुणाला खिळली. मी वरच्या खोलीत पिऊन पडल्याला. खाली पोरगी एकटी. आईच्या उशाची घंटी वाजवायची, बाबा या, आईला वळवायचं हाय. मला ऐकू यायचं, ताई. ऐकू यायचं न्हाय असं न्हाय."

रोज तो हरणीचा एक फोटो मोबाईलवर मुलीला पाठवायचा. पट्ट्यात टांगलेली हरणी, वैरण खाणारी हरणी, कान टवकारलेली हरणी. खाली दोन शब्द: "आज अर्धा तास उभी हुती." "आज पाय टेकला." मुलगी बघायची, निळ्या खुणा यायच्या. उत्तर येत नसे. फोन केला तर उचलत नसे. "बघती तरी," तो म्हणायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

दसऱ्यानंतर हरणी पट्ट्याच्या आधारानं चांगली उभी राहू लागली. डॉक्टरांनी मागचे पाय दाबून बघितले, म्हणाले, "छान आहे. पण स्वतःहून उठायला अजून वेळ लागेल. तिच्या मनानं उठू द्या." आणि त्याच आठवड्यात मुलीचं उत्तर आलं. दोनच शब्द. "रविवारी येते."

कृष्णातनं तो मोबाईल मला दाखवला, धोंडुबाईला दाखवला, वैरणवाल्याला दाखवला. मला वाटतं बैलालाही दाखवला असेल. रविवारपर्यंत हरणी आपल्या पायांवर उठली पाहिजे, हे त्याच्या डोक्यात तेव्हाच शिरलं. पट्ट्यावरचा वेळ वाढवला. तिला उठवायला तोंडापुढं पेंडीचं घमेलं धरून मागं मागं सरकायला लागला. मी म्हटलं, "दादा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मुलगी तुम्हाला भेटायला येणार आहे, म्हशीला नाही."

"मला बगून ती काय करंल?" तो म्हणाला. "माझ्यात बगण्यासारखं काय हाय? हरणी उठल्याली दिसली तर तिला पटंल की ह्यो माणूस कुणालातरी उठवू शकतो."

मला हे तेव्हाच खटकलं होतं. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की पुढं बोलवेना.

रविवारी निशिगंधा आली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, बापासारखंच रुंद कपाळ. मला नमस्कार केला. बापाकडं बघून नुसती मान हलवली. कृष्णातनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो शर्ट घालून शेणात उभा होता. हरणीच्या शिंगांना तेल लावलं होतं.

"बस की," तो म्हणाला आणि ओट्यावरचं सतरंजीचं टोक सरळ करू लागला.

"उभी आहे मी. बरं आहे."

हरणी काही उठली नाही. घमेलं दाखवून झालं, हाका मारून झाल्या. तिनं एकदा पुढचे गुडघे टेकवले आणि पुन्हा बसली. मग कूस बदलायची वेळ झाली. आम्ही दोघी-तिघी पुढं झालो. कृष्णात रोजच्यासारखा तिच्या मानेशी बसला, एक हात तिच्या डोळ्यावर ठेवला, आणि रोजच्यासारखंच हळू आवाजात म्हणाला, "दम घे बाई. आता. हळू." ट्यूब सरकवली, मांडीखालची वाळू हातानं सपाट केली, जिथं कातडं लाल झालं होतं तिथं हळद-तेल लावलं. हे त्यानं दाखवायला केलं नाही. तेवढा वेळ तो मुलीला विसरलाच होता.

निशिगंधा बघत होती. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, अगदी सरळ, "आईला असं कधी वळवलं न्हाईसा, बाबा."

त्या पोरीच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. त्याला हे सगळं येतं, आधीही येऊ शकलं असतं, हे तिला त्या क्षणी दिसलं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. कृष्णात चांगला झाला तो वरातीमागून घोडं, आणि ते घोडं त्यानं आपल्या हातानं मुलीला दाखवलं.

तो उठला. हात शर्टाला पुसले. "थांब," तो म्हणाला. "थांब जरा. जाऊ नकोस." आणि बाहेर गेला.

मला वाटलं तोंड धुवायला गेला. मी निशिगंधाला पाणी दिलं. तिच्या बसची वेळ विचारली. बाहेर पान्याचा आवाज येत होता, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग मोटरसायकल सुरू झाली, सायलेन्सर काढलेली. पत्र्याचं छप्पर थरथरलं, वासरं दाव्याला हिसके देऊ लागली. मी ओरडत धावले, "दादा, नको! दादा!" त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

हरणीनं कान उभे केले. मान वर काढली. नाकपुड्या फुलवल्या. आणि ती उठली. पुढचे गुडघे, मग ढुंगण वर, मग थरथरत चारी पायांवर. पट्ट्याशिवाय, कुणाच्या हाताशिवाय. मी देवाधर्माची बाई आहे, पण तसं काही मी कधी पाहिलं नव्हतं. निशिगंधाच्या तोंडून "आई गं!" निघालं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

कृष्णात अंगणात गाडीवर बसला होता, एक पाय टेकून, ॲक्सिलरेटर पिळत. उभी राहिलेली हरणी त्याला दिसली आणि तो हसला. तिथंच थांबला असता तर! पण त्या म्हशीला थांबायची शिकवण नव्हती. आवाज झाला की त्याच्या मागं जायचं, एवढंच तिला येत होतं. ती वाळूवरून उतरून अंगणातल्या कोब्यावर आली. त्याला वाटलं ती चालतेय, आणि त्यानं गाडी पुढं घेतली. अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगानं. "हुर्रर्र, हरणी! हुर्रर्र!" तो ओरडत होता, आणि बघत होता ते मागं हरणीकडं नाही, दारात उभ्या मुलीकडं. हरणीनं शेपूट वर केली. ती पळायला लागली.

सकाळीच धुतलेला कोबा होता. तिचे मागचे पाय दोन बाजूंना घसरले आणि ती पोटावर बसली. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, तो गाडीच्या आवाजातूनही ऐकू आला.

सगळ्यांच्या आधी निशिगंधा तिच्याजवळ पोचली. कृष्णात गाडी टाकून आला तो नुसता उभा राहिला, हात लोंबत. ती मात्र खाली बसली, हरणीची मान मांडीवर घेतली, ओढणी घडी करून तिच्या जबड्याखाली दिली. "बाबा, इकडून धरा," ती म्हणाली. "तसं नाही. खुब्याखाली हात घाला. मी सांगितल्यावर." तिच्या हातांना हे काम पाठ होतं. दोघांनी मिळून, आमच्या मदतीनं, तिला एका कुशीवर घेतलं, पोतं सारलं, ओढत ओढत वाळूवर आणलं. तेवढा वेळ ती दोघं बापलेक दिसली. हे आठवलं की मला अजूनही रडू येतं.

बसची वेळ झाली होती. निशिगंधानं नळाखाली हात धुतले. बापाला म्हणाली, "आता घाई करू नका तिची." एवढंच. ओढणी तिनं तशीच हरणीखाली राहू दिली.

डॉक्टर ती गेल्यावर आले. खुबा निखळला होता, हाडही गेलं होतं. "आता ही उठणार नाही," ते म्हणाले, "आणि वेदना फार आहेत." माझ्याकडं बघितलं, कारण आमचा नियम त्यांना माहीत होता. कृष्णातनं माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "ताई, द्या की इंजेक्शन. पाप मला लागू दे. मी लिहून देतो."

"इथं तसं करत नाहीत, दादा."

"मग काय करत्यात?"

"कूस बदलतात," मी म्हटलं.

आजोबांचा नियम मला तोपर्यंत फार मोठा वाटत असे. त्या दिवशी तो मी पाळला. मोठा होता की नव्हता हे मला आता सांगता येत नाही. काकांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

हरणी आठवड्याहून जास्त जगली. कृष्णात पेठेत घरी जायचा बंद झाला, गोठ्यातच पडायचा. कूस बदलायला हात लावला की ती ओरडायची. म्हशीचं तसलं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि कुणाला ऐकू येऊ नये. तरी तो वळवायचा, आणि दर वेळी तेच म्हणायचा, दम घे बाई, हळू. हा आता पिणार, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. धोंडुबाई त्याच्यावर ससाण्यासारखी नजर ठेवून होती, कळंब्यातल्या गुत्त्याच्या दिशेनं तो चार पावलं गेला तरी मागं जायची. नाही प्याला. एक थेंबही नाही. "प्यालो तर ही ओरडलेली ऐकू यायची न्हाय," तो मला म्हणाला.

ती गेली तेव्हा सकाळ होती. मागच्या शेतात खड्डा काढून पुरली. कृष्णातनं चेनपुली सोडली, पट्टे धुऊन वाळत घातले, ट्यूबांतली हवा काढली, आणि खराटा घेऊन बाकीच्या जनावरांकडं लागला. मी त्याला त्या दिवशी घरी जा म्हटलं, गेला नाही.

त्या संध्याकाळी तो मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. मुलीचा निरोप होता. आईच्या पश्चात बापाला आपणहून पाठवलेला पहिला निरोप. "कशी आहे हरणी? खाते का?"

"काय लिहू, ताई?"

"खरं ते लिहा."

त्यानं हळूहळू अंगठ्यानं अक्षरं दाबली आणि मला दाखवलं. "बरी हाय. आज जरा खाल्लं."

मला खोटं चालत नाही. पगारपत्रकावर खोटी सही केली म्हणून मी सख्ख्या मावसभावाला इथून काढला आहे. मी मोबाईल हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

आता दर रविवारी निशिगंधाचा निरोप येतो. कृष्णात सकाळपासून त्याचीच वाट बघत असतो. गोठ्यात दुसरी एक म्हैस आहे, बरीचशी हरणीच्या अंगाची, धडधाकट. ती रवंथ करत बसली की तो तिचा पाठमोरा फोटो काढतो, शिंगं येणार नाहीत असा. मुलगी विचारते, अजून बसूनच का, तो लिहितो, व्हय. मेली म्हणून कळवलं तर विचारायला काही उरणार नाही, आणि उठली म्हणून कळवलं तर ती बघायला येईल. माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला झालाय, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. त्याचा त्याला काही उपयोग झालेला नाही.

मागच्या रविवारी तिचा निरोप थोडा मोठा होता. तो त्यानं मला वाचायला दिला. "बाबा, तिच्याजवळ बसत जा. एकटी ठेवू नका. पाय चोळता ना? उठली की लगेच सांगा, मी सुट्टी काढून येते."

तो खाली बसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, चोळतो म्हणून लिवू का?"

मी म्हटलं, लिहा.